गोळी कशाची, हे मुलाला कोणी सांगायचं?

एचआयव्हीसह जन्मलेल्या मुलाला त्याचा आजार सांगावा की नाही, यावर जगभरात तीसेक वर्षं खल झाला आणि त्याचं उत्तर आता बऱ्यापैकी ठरलं आहे. सांगावा, शाळकरी वयातच सांगावा, एका दमात न सांगता टप्प्याटप्प्याने सांगावा. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने १९९९ मध्ये ही भूमिका घेतली. जागतिक आरोग्य संघटनेने २०११ मध्ये बारा वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी स्वतंत्र मार्गदर्शिका काढली आणि सहा ते बारा या वयात मुलाला त्याचा आजार कळायला हवा, असं स्पष्ट म्हटलं. तरीही तुटपुंज्या साधनांच्या देशांमधल्या अभ्यासांचा २०१३ साली प्रसिद्ध झालेला आढावा पाहिला, तर स्वतःचा आजार माहीत असलेल्या मुलांचं प्रमाण कुठे शंभरात जेमतेम दोन, तर कुठे चाळीसच्या आसपास. शिफारस आणि व्यवहार यांच्यातल्या या दरीचं खापर सहसा पालकांच्या अज्ञानावर फोडलं जातं. ते चुकीचं आहे. पालकांना सांगण्याचं महत्त्व कळत नाही म्हणून ते गप्प राहतात असं नाही. सांगण्याची सगळी किंमत घरातल्या एकाच माणसाने, बहुतेक वेळा आईने नाहीतर आजीने, एकटीने मोजायची असते म्हणून ते गप्प राहतात. ही किंमत वाटून घेतल्याशिवाय कोणतीही मार्गदर्शिका कागदावरून घरात उतरणार नाही. यवतमाळ जिल्ह्याच्या टोकाला असलेल्या झरी जामणीसारख्या तालुक्याच्या परिस्थितीवर हा प्रश्न ठेवून पाहिला, की ही गोष्ट ठळक होते.

झरी जामणी पैनगंगेच्या काठचा तालुका. नदीपलीकडे तेलंगणातला आदिलाबाद जिल्हा. गोंड, कोलाम, बंजारा अशी वस्ती. महाराष्ट्रात विशेष असुरक्षित म्हणून ज्या तीन आदिवासी जमातींची नोंद आहे, त्या कातकरी, माडिया गोंड आणि कोलाम. त्यातल्या कोलामांचे पोड, म्हणजे छोट्या वस्त्या, या भागात ठिकठिकाणी आहेत. शेती बहुतांश पावसावरची, पीक कापसाचं, आणि आजूबाजूला कोळशाच्या व चुनखडीच्या खाणी. एचआयव्हीच्या औषधांसाठी जिल्ह्याचं मोठं केंद्र म्हणजे यवतमाळचं वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालय. तिथे जायचं तर पांढरकवडा नाहीतर वणीच्या वाटेने, आणि अख्खा दिवस मोडून. वेचणीच्या हंगामात त्या दिवसाची मजुरी बुडते, ती मूल आणि सोबतचं माणूस अशा दोघांच्या भाड्यासकट. घरी बोलायची भाषा कोलामी किंवा गोंडी, दवाखान्यातली मराठी, आणि गोळ्यांच्या डबीवरची इंग्रजी. त्यात सहा-सात वर्षांचं झालं की अनेक घरांतलं मूल आश्रमशाळेच्या वसतिगृहात जातं. मग रोजची गोळी कोण देणार? अधीक्षकांना सांगायचं, की पोराला लपून खायला शिकवायचं, की आश्रमशाळेतच घालायचं नाही? शहरातल्या कुटुंबाला जो निर्णय दहा-बारा वर्षं लांबवता येतो, तो इथे पहिलीच्या प्रवेशाच्या वेळीच दारात येऊन उभा राहतो.

हा प्रश्न आज का तीव्र झाला, हे कळायला थोडा इतिहास पाहावा लागतो. भारतात एचआयव्हीची लागण पहिल्यांदा आढळली १९८६ मध्ये. सरकारी केंद्रांतून मोफत एआरटी, म्हणजे विषाणू दाबून ठेवणारी औषधं, सुरू झाली १ एप्रिल २००४ पासून, आणि मुलांसाठीच्या औषधांचा वेगळा राष्ट्रीय कार्यक्रम २००६ च्या अखेरीस. त्याआधी जन्मतः लागण झालेलं मूल बहुधा प्रश्न विचारण्याच्या वयाला पोचतच नसे. औषधं आली, मुलं जगली, वाढली आणि विचारू लागली. २०१४ पासून लागण असलेल्या गरोदर बाईला एआरटीची तीन औषधं लगेच आणि कायमची देण्याचं धोरण आलं, त्यामुळे नव्याने लागण होणारी बाळं कमी झाली. म्हणजे आज या आजारासह जगणाऱ्या मुलांमध्ये मोठ्या मुलांचा, किशोरवयीनांचा वाटा वाढतो आहे. पण याहून मोठा बदल बातमीच्या आशयात झाला आहे. १९९५ साली एखाद्या आईने मुलाला खरं सांगायचं ठरवलं असतं, तर तिला मरणच सांगावं लागलं असतं. आज सांगायचं आहे ते असं, की रोज एक-दोन गोळ्या घेतल्या तर हा विषाणू दबून राहतो. रक्तात तो मोजण्याइतकाही उरला नाही तर शरीरसंबंधातून तो जोडीदाराला जात नाही. लग्न करता येतं, निरोगी मूल होऊ शकतं, म्हातारपण गाठता येतं. औषधं बदलली, आपल्या मनातली बातमी मात्र बदलली नाही. अनेक घरं आजही तीस वर्षांपूर्वीचंच सत्य लपवत बसली आहेत.

मूल लहान आहे, त्याला काही माहीत नाही, ही समजूत पहिल्यांदा बाजूला ठेवायला हवी. कर्करोगाच्या बाबतीत हा वाद आधीच होऊन गेला आहे. ल्युकेमियाच्या मुलांना आजाराचं नाव सांगायचं नाही, असा एकेकाळी डॉक्टरांचा रिवाज होता. मायरा ब्लूबॉन्ड-लँग्नर या मानवशास्त्रज्ञ बाईंनी अशा मुलांमध्ये राहून केलेला अभ्यास १९७८ साली पुस्तकरूपाने आला आणि त्यातून दिसलं, की मुलांना आपल्या आजाराचं गांभीर्य कळलेलं असतं, एवढंच नव्हे तर मोठ्यांना ते ऐकवत नाही हेही कळलेलं असतं. म्हणून ती मोठ्यांना सांभाळून घेण्यासाठी अजाणतेपणाचं सोंग करतात. एचआयव्हीच्या मुलाचं याहून वेगळं नसतं. रोज ठरल्या वेळी गोळी, भावंडाला नाही फक्त मला. पाहुणे आले की डबी पेटीत. अधूनमधून लांबच्या दवाखान्याची फेरी आणि तिथल्या खोलीबाहेर लाल फितीचं चित्र. शाळेत १ डिसेंबरला एड्स दिनाच्या कार्यक्रमात तीच फीत फळ्यावर काढलेली. इथे एक गोष्ट नजरेआड होऊ नये. झरी जामणीच्या पोडांवरून शाळेत जाणारं मूल अनेकदा घरातलं पहिलं वाचणारं माणूस असतं. ज्या खोलीसमोर आजी नातवाला हाताशी धरून बसते, तिच्या दारावरची पाटी आजीला वाचता येत नाही, नातवाला येते. ‘रक्त वाढायची गोळी’ हे उत्तर सहाव्या वर्षी चालतं; चौथीतल्या पोराने पाटी वाचली की ते उत्तर संपतं, आणि त्यासोबत उत्तर देणारीवरचा विश्वासही डळमळतो. न सांगणं म्हणजे मुलाला अजाण ठेवणं नव्हे. ते कळणं पाटीवर, कुजबुजीवर आणि वर्गातल्या टोमण्यावर सोपवणं असतं.

ठरवून, तयारीने सांगितलं तर काय होतं, याचे पुरावे आता पुरेसे आहेत. ते एकसुरी मात्र नाहीत, आणि हे प्रामाणिकपणे मान्य करायला हवं. सांगितल्यावर गोळ्या नियमित होतात, असं अनेक अभ्यासांत दिसलं. काहींत फरक दिसला नाही. काही मुलं सुरुवातीला खिन्न होतात, चिडतात, काही दिवस गप्प राहतात. पण पालकांना ज्याची धास्ती असते, ते मूल कायमचं मोडून पडणं हे चित्र सर्रास आढळत नाही. नामिबियातला अनुभव आपल्यासाठी विशेष बोलका आहे. तिथे मुलांसाठी चित्रांचं पुस्तक केलं. शरीरातले शिपाई, त्यांच्यावर चालून येणारा शत्रू, त्याला झोपवून ठेवणारं औषध, अशी ती गोष्ट. दर भेटीत थोडी पुढे न्यायची आणि आजाराचं नाव अगदी शेवटच्या पायरीला घ्यायचं. नाव सांगण्याच्या आधीच, नुसती ती गोष्ट कळल्यावर, मुलांच्या रक्तातला विषाणू आटोक्यात येण्याचं प्रमाण सुधारलं. याचा अर्थ मुलाला मदत होते ती निदानाच्या नावाने नव्हे. आपल्या शरीरात काय चाललं आहे आणि ही गोळी काय करते, हे कळल्याने. केनियात आठ दवाखान्यांमध्ये दोन वर्षं चाललेल्या चाचणीत निम्म्या ठिकाणी प्रशिक्षित समुपदेशक, चित्रं आणि पालकांचे गट यांची जोड दिली. तिथे आजार माहीत असलेल्या मुलांचं प्रमाण लक्षणीय वाढलं. थायलंडमध्ये बँकॉकच्या रुग्णालयांनी चार पायऱ्या ठरवल्या: कुटुंब तयार आहे का पाहणं, पालकाची तयारी करून घेणं, मुलाला सांगणं, आणि नंतर पाठपुरावा. या सगळ्या प्रयत्नांतला समान धागा असा, की मुलाशी बोलण्याआधी पालकाशी खूप बोलावं लागतं. काम मुलाच्या नावाने असतं, पण त्यातला मोठा भाग पालकावर करायचा असतो.

ते का, हे समजून घेतलं तरच पुढचं कळेल. आईकडून लागण झालेल्या मुलाला त्याचा आजार सांगणं म्हणजे आईने स्वतःचा आजार सांगणं. पुढचा प्रश्न ठरलेला: मला कुठून आला? त्याच्या पुढचा: तुला कुठून आला? मग गेलेल्या बापाबद्दल बोलावं लागतं, आणि मूल घरात जे विचारेल ते सासरच्यांच्या कानावर जाणार. नवरा गेलेल्या बाईचं घरातलं स्थान, दोन-चार एकरांतला वाटा, धाकट्या नणंदेचं लग्न, शेतावर मजुरीला बोलावलं जाणं, हे सगळं त्या एका वाक्याला बांधलेलं असतं. ‘झाकली मूठ सव्वा लाखाची’ ही म्हण तिच्या बाबतीत अक्षरशः रुपयांत मोजता येते. झरी जामणीचं नाव अनेक वर्षं बाहेर पोचलं ते कोलाम समाजातल्या कुमारी मातांच्या प्रश्नामुळे. त्या प्रश्नाचा एचआयव्हीशी संबंध जोडणं निराधार आणि अन्यायाचं होईल. पण त्या बायकांच्या याद्या झाल्या, बातम्या झाल्या, पाहण्या झाल्या, फोटो छापून आले, हे या भागातल्या बाईने पाहिलेलं आहे. आपलं दुःख एकदा लोकांचं झालं की ते परत आपलं होत नाही, हा तिचा निष्कर्ष अडाणीपणाचा म्हणता येणार नाही.

अडचण मुलाच्या समजुतीची नसून लाजेची आहे, हे दाखवणारा पुरावा विदर्भातच आहे. इथल्या आदिवासी आणि दलित समाजांत सिकलसेल हा रक्ताचा आजार मोठ्या प्रमाणावर आहे. तोही आईबापांकडूनच येतो, तोही आयुष्यभर पुरतो, त्यालाही नियमित औषध लागतं, आणि लग्नाच्या वेळी त्याचीही अडचण होते. तरी सिकलसेलच्या मुलाला त्याच्या आजाराचं नाव ठाऊक असतं. शाळेतल्या तपासणीतून त्याला कार्ड मिळतं, दुखणं उठलं की तो स्वतःच सांगतो. आठ-दहा वर्षांच्या मुलाला आईबापांकडून आलेला रक्ताचा आजार समजतो, हे ज्या भागात रोज सिद्ध होतं, त्याच भागात ‘पोराला काय कळणार’ हे कारण एचआयव्हीसाठी पुढे येतं. फरक एवढाच, की एचआयव्हीला आपण चारित्र्याचा दाखला करून ठेवला आहे.

आता आक्षेपांकडे वळू. सगळ्यात वजनदार आक्षेप असा, की मूल बाहेर बोलून बसेल आणि गाव त्याला वाळीत टाकेल. ही भीती काल्पनिक नाही. लातूर जिल्ह्यातल्या हासेगावला रवी बापटले यांनी एचआयव्हीग्रस्त मुलांसाठी सेवालय उभारलं. तिथली मुलं गावच्या शाळेत येणार म्हटल्यावर २००९ मध्ये गावकऱ्यांनी विरोध केला, आपली मुलं शाळेतून काढण्यापर्यंत गोष्ट गेली आणि प्रशासनाला मध्ये पडावं लागलं. एचआयव्ही आणि एड्स कायदा २०१७ मध्ये झाला आणि १० सप्टेंबर २०१८ पासून लागू झाला. या आजारामुळे शाळेत भेदभाव करायला त्याने बंदी केली, आणि कोणाचाही आजार त्याच्या संमतीशिवाय उघड करायलाही. पण कायद्याचं संरक्षण तालुक्याच्या गावापासून पोडापर्यंत यायला वेळ लागतो, अफवा त्याआधी पोचते. म्हणून हा आक्षेप उडवून लावता येणार नाही. त्याला उत्तर वेगळं आहे: ज्याला काही सांगितलेलं नाही, तेच मूल जास्त बोलतं. ‘मी रोज गोळी खातो, आई सांगते रक्ताची आहे’ हे ते वर्गात सहज सांगून टाकतं, कारण यात जपण्यासारखं काही आहे हे त्याला माहीतच नसतं. जपायला शिकवायचं तर आधी काय जपायचं ते सांगावं लागतं. कोणाला सांगायचं, कोणाला नाही, कोणी खोदून विचारलं तर काय उत्तर द्यायचं, ही तयारी सांगण्याचाच भाग आहे. ‘ही आपली खासगी गोष्ट आहे’ आणि ‘ही लाजेची गोष्ट आहे’ यातला फरक दहा वर्षांच्या मुलाला कळतो, मोठ्यांनी तो आधी स्वतः केला असेल तर.

दुसरा आक्षेप वयाचा. सहाव्या वर्षी मुलाच्या डोक्यावर हे ओझं कशाला? पण सहाव्या वर्षी सगळं सांगा, असं कोणीच म्हणत नाही. त्या वयात एवढंच पुरतं: तुझ्या रक्तात एक कीड आहे, ती झोपलेली असली की तुला ताप येत नाही, ही गोळी तिला झोपवते. यात एकही शब्द खोटा नाही, म्हणून पुढे तो मागे घ्यावा लागत नाही. आठव्या-नवव्या वर्षी: ही कीड सोबत जेवल्याने, खेळल्याने कोणाला लागत नाही, रक्तातून जाते, म्हणून जखम झाली तर मोठ्यांना बोलव. दहा ते बारापर्यंत तिचं नाव, ती आपल्याकडे कशी आली, आणि यात कोणाचाही गुन्हा नाही. तेराव्या-चौदाव्या वर्षी शरीरसंबंध, लग्न, मूल यांबद्दलचं बोलणं. ही वाक्यं कोलामीत आणि गोंडीत तयार हवीत, ती भाषा बोलणाऱ्यांकडूनच तपासून घेतलेली. टाळण्यासारखी गोष्ट एकच, आणि ती सर्रास होते: टॉनिक, टीबी, कावीळ अशी दुसऱ्याच आजाराची नावं. त्या खोट्याची किंमत नंतर चुकवावी लागते, आणि ती आईवरच्या विश्वासातून जाते.

तिसरा आक्षेप साधनांचा: जिथे डॉक्टरच मिळत नाही तिथे समुपदेशनाची चैन कुठली? इथे एक खरा पेच आहे, आणि तो चांगल्या सुधारणेतून आलेला आहे. करोनाच्या काळापासून एकदम दोन-तीन महिन्यांच्या गोळ्या देण्याची पद्धत वाढली. झरी जामणीच्या मजुरासाठी ती मोठीच सोय. मजुरी वाचते, भाडं वाचतं. पण फेऱ्या कमी झाल्या तशी बोलण्याची संधीही कमी झाली. औषध मोठं माणूस घेऊन जातं आणि मूल वर्षातून एखाद-दोनदाच समुपदेशकासमोर येतं. मग गावातल्या आशाताईंवर हे काम सोपवावं, असं सुचवलं जातं. ते धोक्याचं आहे. आशाताई त्याच गावची, बहुधा नात्यातली. तिच्या मनात खोट नसली तरी ती वारंवार त्या घरी दिसली की गाव हिशेब लावतं. त्यापेक्षा मूल सोबत येणारी फेरी आधी ठरवून त्या दिवशी घाई न करता वेळ देणं, मधल्या काळात समुपदेशकाने पालकाशी फोनवर बोलणं, आणि याच आजारासह मोठी झालेली, आता कामाला लागलेली तरुण मंडळी या कामात घेणं, हे कमी खर्चाचं आहे. ‘मीही लहानपणापासून हीच गोळी खातो’ असं सांगणारा पंचविशीचा माणूस समोर बसला, की पुढचं निम्मं काम झालेलं असतं. पुण्याची मानव्य, पंढरपूरची पालवी, बीडजवळच्या पालीची इन्फन्ट इंडिया, हासेगावचं सेवालय अशा संस्थांनी एक पिढी वाढवली आहे; तिचा अनुभव सरकारी यंत्रणेने मानधन देऊन वापरावा. आश्रमशाळांच्या बाबतीत तर पैशापेक्षा आदेशाची गरज आहे. पांढरकवड्याचा एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्प आणि आरोग्य विभाग यांनी मिळून एवढं ठरवावं, की कोणत्याही आजाराची रोजची गोळी घेणाऱ्या सगळ्या मुलांना, सिकलसेल असो, फिट्स असो की एचआयव्ही, ती एकाच ठिकाणी, एकाच वेळी, आजाराचं नाव न लिहिलेल्या डबीतून मिळावी. मग एकच पोर वेगळं पडत नाही.

शेवटचा आक्षेप हक्काचा. मूल आईबापांचं, कधी सांगायचं ते त्यांनी ठरवावं, बाहेरच्यांनी का बोलावं? यातला अर्धा भाग मान्य आहे. वेग पालकांनीच ठरवावा. त्यांना डावलून, त्यांच्या पाठीमागे मुलाला सांगणं हा विश्वासघात होईल. पण वेग ठरवण्याचा हक्क म्हणजे कायमची मनाई करण्याचा हक्क नव्हे. ज्या देशाच्या कायद्याने, २०१७ च्या या अधिनियमात, एचआयव्हीबाधित कुटुंबाचा कारभार सांभाळणाऱ्या बारा वर्षांवरच्या समजदार मुलाला भावंडांचा पालक म्हणून मान्यता दिली, शाळाप्रवेशापासून बँक खाते आणि मालमत्तेपर्यंत, त्या देशात बारा वर्षांच्या मुलाला स्वतःच्याच रक्तातली गोष्ट कळू नये हे टिकणारं नाही. शिवाय या भागात मुलींची लग्नं लवकर होतात. अठराव्याच्या आतलं लग्न बेकायदा आहे, तरी होतं. आजार ठाऊक नसलेली मुलगी सासरी गेली तर गोळ्या बंद पडतात, तिचा जीव धोक्यात येतो, आणि दोष पुन्हा तिच्याच माथी येतो. याच घरांतली, ज्यांना स्वतःला लागण नाही अशी मुलंही विसरून चालणार नाही. आजारी आईचं करणारी, तिच्या जाण्याची मनात तयारी करणारी ती मुलं कारण न कळता ओझं वाहतात. जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस त्यांनाही लागू आहे.

या सगळ्याचा इत्यर्थ ‘पालकांनो, धीर करा’ असा नाही. धीर त्यांच्याकडे पुष्कळ आहे. पोराला यवतमाळपर्यंत नेऊन आणणाऱ्या आजीला तो आपण शिकवायला नको. धीराची नव्हे, साथीची उणीव आहे. एआरटी केंद्रात प्रत्येक मुलाचं वजन, गोळ्यांचा हिशेब आणि व्हायरल लोड, म्हणजे रक्तातल्या विषाणूचं प्रमाण, लिहिलं जातं. त्याच पानावर आणखी एक रकाना हवा: मुलाला आज काय माहीत आहे, पुढच्या फेरीला काय सांगायचं, आणि ते सांगताना पालकासोबत कोण असेल. सहाव्या वर्षी तो रकाना सुरू व्हावा आणि बाराव्यापर्यंत पूर्ण व्हावा. तो कोरा राहिला तर जाब केंद्राला विचारला जावा, आईला नव्हे. मूल जगवण्याची जबाबदारी सरकारने २००६ मध्ये घेतली आणि ती बऱ्याच अंशी निभावली. आपण कशावर जगतो आहोत हे त्या मुलाला सांगणं, हा त्याच जबाबदारीचा राहिलेला भाग आहे.